कॅल्शियम नॉर्मल, तरी हाडं का ठणकतात?

प्रश्न : आईचं वय ६२, दोन वर्षांपासून डायलिसिस चालू आहे. कॅल्शियम नॉर्मल, पण पीटीएच ६८० आलंय. हाडं फार ठणकतात. मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणून देऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : परस्पर मुळीच देऊ नका. कॅल्शियम नॉर्मल दिसतंय ते हाडांच्या जिवावर. किडनी थकली की रक्तात फॉस्फरस साठतो. शिवाय ‘ड’ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप मुख्यतः किडनीच देते. तेही कमी पडतं. मग मानेतल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी जादा पीटीएच सोडतात आणि हे हार्मोन हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढतं. ठेव मोडून घरखर्च भागवावा, तसं. वरून कॅल्शियम दिलं तर ते रक्तवाहिन्यांत साठण्याची भीती असते.

डायलिसिसवर पीटीएच नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या साधारण दोन ते नऊ पट चालतं. लॅबची मर्यादा ६५ असेल तर १३० ते ५८५. फार खाली दाबलं तरी हाडांची दुरुस्ती मंदावते, म्हणून एका आकड्यावर औषध ठरत नाही.

फॉस्फरस कमी करणारी गोळी चालू असेल तर ती जेवणासोबतच घ्यायची. उपाशीपोटी घेतलेली जवळजवळ वायाच जाते. बहुतेक घरांत नेमकं इथेच चुकतं! कोला, प्रोसेस्ड चीज बंद करा. डाळी मात्र आपल्या मनाने तोडू नका, डायलिसिसवर प्रथिनं लागतातच. पीटीएच, फॉस्फरसचे मागचे सगळे रिपोर्ट घेऊन नेफ्रॉलॉजिस्टना याच आठवड्यात भेटा.