माळावरील जुने खुंट व देशी झाडोरा

पर्जन्यछायेच्या प्रदेशात गावाच्या गायरानावर झाडे लावावयाचे ठरले, की प्रथम खड्डे खणले जातात व रोपवाटिकेतून रोपे आणली जातात. तत्पूर्वी करावयाचे एक काम बहुधा राहून जाते. वैशाखात, गवत वाळलेले असता, सर्व माळ पायी फिरून पाहावा. उजाड भासणाऱ्या मुरमाड जमिनीवरही पळस, धावडा, बोर, हिवर, आपटा यांची वीतभर उंचीची, शेळ्यांनी खुरटून टाकलेली झुडपे आढळतात. ती नवी रोपे नव्हेत. वारंवार तोडल्या गेलेल्या झाडांचे ते खुंट असून त्यांची मुळे खोलवर जिवंत असतात. अशा खुंटास संरक्षण मिळाले, तर त्याची वाढ नव्या रोपापेक्षा कितीतरी झपाट्याने होते. पाणीही घालावे लागत नाही.

धावड्याच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे. त्यास बी विपुल येते, परंतु त्यातील बहुतांश पोकळ असून उगवत नाही. माळावरील धावड्याचे खुंट खणून काढले, की तेथे धावडा पुन्हा येणे दुरापास्त होय. साफसफाईच्या नावाखाली असे खुंट उपटावयाचे आणि त्याच जागी विकतचे रोप लावावयाचे, यास काय म्हणावे! खड्डे खणणाऱ्या मजुरांस दाखविण्यासाठी प्रत्येक खुंटाशी चुन्याची खूण करावी.

मृगापूर्वी खुरटे, वाकडे फुटवे धारदार कोयत्याने जमिनीसरसे छाटावेत. काप तिरका व गुळगुळीत असावा. साल फाटू देऊ नये. पावसात अनेक फुटवे येतील. पुढील वर्षी त्यांपैकी एक-दोन जोमदार राखून बाकीचे काढावेत.

जेथे खुंट नाहीत तेथे बी टोकावे. बाभळीच्या बियांवर उकळते पाणी ओतून त्या रात्रभर तशाच भिजत ठेवाव्यात. पळस व कडुनिंब यांचे बी फार काळ टिकत नाही. ताजे असतानाच पेरावे. अंजनाचे रोप पहिली काही वर्षे वर फारसे वाढत नाही, मात्र सोटमूळ खाली जात राहते. पिशवीत ते वेटोळे घेते, म्हणून अंजन जागेवरच पेरणे श्रेयस्कर. बोरीच्या अथवा करवंदीच्या जाळीच्या आडोशास पेरलेले बी जनावरांपासून बरेचसे वाचते.

खरी अडचण चराईची आहे. ज्यांचा संसार चार शेळ्यांवर चालतो, त्यांना न विचारता संपूर्ण गायरान एकाएकी बंद केले, तर रात्री जनावरे आत शिरणारच. ग्रामसभेत त्यांचे म्हणणे प्रथम ऐकावे. गायरानाचा एक-तृतीयांश भाग आधी राखावा, बाकीचा चराईस खुला ठेवावा आणि राखलेल्या भागातील गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा द्यावी. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतरच्या दशकात चराईबंदी व कुऱ्हाडबंदी लागू झाली, तेव्हा गवत कापून नेण्याची वाट अशीच मोकळी ठेवली होती. राखलेल्या भागातील झाडांचे शेंडे शेळीच्या तोंडाच्या वर गेल्यावरच तो चराईस खुला करून पुढचा भाग राखावा.

राखलेल्या माळावर गवत दाट माजते व उन्हाळ्यात वणव्याचे भय वाढते. म्हणून गवत वाळू लागताच हद्दीच्या कडेने चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा कापून स्वच्छ करावा. हे काम होळीपूर्वी उरकावे.