ढगातून उतरताना

अगं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगला लागलीस, ऐकून फार बरं वाटलं. मी इतकी वर्षं रडारसमोर बसते, म्हणून आमच्या बाजूचं थोडं तुझ्या कानावर घालते.

ढगात शिरलीस की कान दगा देतात. विमान कलतंय असं आतून वाटत राहतं आणि समोरची यंत्रं म्हणतात, पंख सरळ आहेत. अशा वेळी यंत्रांचं ऐक, आणि एकावरच नजर खिळवू नकोस, सगळी ताडून पाहा. हे तुला प्रशिक्षक शिकवतीलच.

मला सांगायचंय ते वेगळं. जुलैतली मुंबई डोळ्यांपुढे आण. धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरात. माझ्या पडद्यावर विमानांची रांग, प्रत्येकाला दिशा, उंची, वेग देणं चाललेलं. तुझ्या नाकासमोरचा काळा ढग मात्र तुला जसा दिसतो तसा मला दिसत नाही. मी दिलेली दिशा तुला त्यातच नेत असेल तर 'अनेबल, ड्यू वेदर' म्हण आणि लगेच काय हवं ते सांग : उजवीकडे 10 मैल. कंट्रोलरला नाही कसं म्हणू, असा संकोच करू नकोस गं. तू गप्प राहिलीस तर मला कळणार कसं?

इंधनाचंही तेच. होल्डिंगमध्ये घिरट्या घालताना नवी मुलं बोलायला कचरतात. जेटला शेवटची 30 मिनिटांची शिल्लक राखून उतरायचं असतं. आणखी उशीर झाला तर तिला हात लागेल असं दिसताच 'मिनिमम फ्युएल' सांग. तेवढ्याने तुझा नंबर आधी लागेलच असं नाही, पण तुला आता थांबवून चालणार नाही हे मला समजतं. शिल्लक मोडूनच उतरावं लागणार असेल तर सरळ 'मेडे, मेडे, मेडे, फ्युएल'. मग बाकीच्यांना मी बाजूला काढते. हा फरक घोकून ठेव.

आणि गो-अराउंड. कॅटेगरी वनच्या आयएलएसवर निर्णयाची उंची 200 फुटांच्या खाली नसते. तिथे दिवे दिसले नाहीत तर वर जायचं. 'अजून जरा खाली जाऊन बघू' हा मोह फार वाईट. आमची रांग विस्कटेल याची काळजी तू करू नकोस, ती पुन्हा लावणं माझं काम, आणि पावसात मी ते धरूनच चाललेली असते. वर जाताना आधी विमान सांभाळ. मी मधेच कारण विचारलं तर 'स्टँडबाय' म्हण. मी थांबते.