दुभत्या जनावरांसाठी मोहरीवर्गीय हिरवी वैरण : कोणता वाण निवडावा, किती आणि केव्हा द्यावा



मुंबईतील वरळीची शासकीय दुग्धशाळा अनेक वर्षे शहराच्या दूधपुरवठ्याचे एक मोठे ठिकाण होती. खेड्यापाड्यांतून निघालेले दूध अशा दुग्धशाळेत पोचते तेव्हा झाकण उघडल्याबरोबर पहिली तपासणी होते ती नाकाने. फॅट आणि एसएनएफ त्यानंतर. दुधाला मुळ्याचा, कोबीचा किंवा मोहरीचा वास असेल तर फॅट चांगले लागूनही ते दूध बाजूला ठेवले जाते. गावच्या संस्थेत चाळीस लिटरच्या कॅनमध्ये किंवा बल्क कूलरमध्ये सर्वांचे दूध एकत्र होते. त्यामुळे एका गोठ्यातील चूक दहा गोठ्यांना भोवते.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, मोहरी, मुळा, सलगम, कोबी यांचा पाला ही रब्बीतील अतिशय चांगली वैरण आहे. ती थोड्या दिवसांत तयार होते, जनावरे आवडीने खातात आणि तिच्यात प्रथिने भरपूर असतात. तरीही अनेकांनी एकदा अनुभव घेऊन ती सोडून दिली आहे. चूक बहुधा पिकाची नसते. वाण कोणता पेरला, कोणत्या अवस्थेत कापला आणि धारेच्या आधी दिला की नंतर, यावर सर्व अवलंबून असते.

वजन पाहून फसू नये

या पाल्यात शंभर किलोमागे कोरडा भाग साधारण 10 ते 15 किलोच असतो, बाकी पाणी. 20 किलो पाला घातला म्हणजे जनावराच्या पोटात सुमारे अडीच किलो कोरडे खाद्य गेले. तेवढ्याच लसूणघासातून सुमारे चार किलो जाते. साडेचारशे किलो वजनाच्या दुभत्या म्हशीला दिवसाला 11 ते 13 किलो कोरडे खाद्य लागते. म्हणजे पाल्याचा ढीग मोठा दिसला तरी त्याने तिची एक पंचमांश गरजच भागते. मात्र जो कोरडा भाग आहे तो कसदार असतो. त्यात प्रथिने 15 ते 25 टक्के असतात आणि तंतू इतका कमी की तो जवळजवळ सर्व पचतो. म्हणून या पाल्याकडे कडब्याच्या जागी पाहू नये. पातळ केलेली पेंड समजून त्याचा उपयोग करावा आणि सोबत कडबा हवाच.

वाणांची तुलना

मोहरी : आपल्याकडे मोहरीचे सर्व सुधारित वाण तेलासाठी काढलेले आहेत. वरुणा, पुसा बोल्ड, नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून आलेला शताब्दी (एसीएन-9), तसेच भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलेला टीएएम 108-1 हे त्यांपैकी माहितीचे. वैरणीसाठी यांतून निवड करताना तेलाचा उतारा पाहण्याचे कारण नाही. जो वाण उशिरा फुलतो आणि ज्याची खालची पाने रुंद असतात तो घ्यावा. लवकर येणारा वाण दाण्यासाठी सोयीचा, पण वैरणीला तोट्याचा, कारण पाने भरण्यापूर्वीच तो दांड्यावर जातो. मोहरीचा तिखटपणा शेंगा धरताना फार वाढतो. म्हणून पेरणीपासून 45 ते 55 दिवसांनी, कळ्या दिसू लागताच कापणी करावी. मोहरी पुन्हा फारशी फुटत नाही. तिची एकच कापणी धरावी.

गोभी सरसू : ही मोहरीची मोठ्या पानांची, जास्त दिवसांची बहीण. पंजाब कृषी विद्यापीठाने यात जीएसएल-1 आणि पुढे कमी तिखट पेंडीचे जीएससी-6 व जीएससी-7 हे वाण दिले. पाने भरपूर येतात. परंतु हे पीक लांब थंडीचे आहे. आपल्याकडे थंडी जेमतेम अडीच महिन्यांची, त्यामुळे फक्त ज्यांच्याकडे ओलिताची खात्री आणि थंड हवा आहे त्यांनीच पाच-दहा गुंठ्यांवर करून पाहावे.

चिनी सरसू : पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात बरसीम पेरताना त्यात हिचे किंवा मोहरीचे थोडे बी मिसळण्याची जुनी रीत आहे. बरसीमाची पहिली कापणी नेहमी हलकी येते. सरसू त्या पोकळीत वाढते आणि पहिल्याच कापणीत निघून जाते, पुढच्या कापण्या निव्वळ बरसीमाच्या मिळतात. हेक्टरी दीड ते दोन किलो बी पुरते. त्याहून जास्त टाकल्यास बरसीम दबतो. बरसीम करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनी ही रीत अवश्य घ्यावी. आमच्या मते या सर्व प्रकारांत सर्वात कमी खर्चाचा आणि सर्वात कमी धोक्याचा उपयोग हाच आहे, कारण गव्हाणीत मिश्र वैरण पडते आणि सरसूचे प्रमाण आपोआप मर्यादित राहते.

सलगम : पर्पल टॉप व्हाईट ग्लोब हा वाण भाजीच्या बियाण्याच्या दुकानात मिळतो. याचा पाला आणि गड्डा दोन्ही उपयोगी. गमतीची गोष्ट अशी की, अमेरिकेत हाच वाण हरणांसाठी पेरतात. तेथे शिकारीची हौस असणारे लोक जंगलाच्या कडेला सलगम, रेप आणि केल यांचे लहान तुकडे पेरतात. कडक थंडी पडून गेल्यावर पाला गोडसर लागतो आणि हरणे तेथे जमतात. हे वाचून विदर्भातील काही शेतकऱ्यांच्या मनात येईल की, चितळ आणि नीलगाय हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून बांधावर मोहरी किंवा सलगम पेरावा. तसे करू नये. शेताजवळ जास्त खाद्य म्हणजे जास्त जनावरे, आणि ती मोहरी संपल्यावर हरभऱ्याकडेच वळणार. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे शिकारीला बंदी आहे. नुकसान झाल्यास लगेच वन विभागाकडे कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज द्यावा. आपल्या जंगलात हरणांसाठी स्थानिक गवतांची कुरणेच योग्य. तेथे मोहरीचे काम नाही.

मुळा : हा मोहरीच्याच कुळातला. कोकण आणि मुंबईच्या आसपासच्या उबदार हवेत मोहरी लवकर फुलावर येते, तेथे मुळा बरा. पुसा चेतकी उष्ण हवा सहन करतो आणि 40 ते 45 दिवसांत तयार होतो. थंडीत पुसा हिमानी किंवा जपानीज व्हाईट घ्यावा. मुळे बाजारात आणि पाला गोठ्यात, असा दुहेरी हिशेब बसतो. मात्र दुधाला सर्वात लवकर वास लागतो तोही मुळ्याच्याच पाल्याने, हे ध्यानात ठेवावे.

कोबी, फुलकोबी, नवलकोल : गोल्डन एकर, प्राईड ऑफ इंडिया, पुसा दिपाली, व्हाईट व्हिएन्ना हे वाण कोणी वैरणीसाठी लावत नाही, पण काढणीनंतर उरणारा पाला मोठा असतो. मुंबईत दादरच्या भाजी बाजारात पहाटे गड्डे सोलताना पडणारा पाला पाहिला की, त्यात किती प्रथिने मातीत जातात याची कल्पना येते. आपल्या शेतातील पाला जरूर वापरावा, पण फवारणीची तारीख लिहून ठेवलेली असेल तरच. औषधाच्या लेबलवर दिलेला थांबण्याचा काळ पूर्ण होण्याआधीचा पाला गोठ्यात नेऊ नये. बाजारातील पाल्याची फवारणी आपल्याला माहीत नसते, म्हणून तो आम्ही सुचवत नाही. कोबीच्या 25 ओळींमागे सापळा पीक म्हणून मोहरीच्या दोन ओळी लावण्याची शिफारस पुष्कळजण पाळतात. त्या मोहरीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग व मावा गोळा करून मुद्दाम औषध मारलेले असते. ती मोहरी कापून जनावरांपुढे टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

लागवड

मध्यम ते भारी, निचऱ्याची जमीन घ्यावी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाफशावर पेरावे. उशीर झाल्यास मावा येतो आणि फवारणीशिवाय गत्यंतर राहत नाही. मोहरी 30 सेंटिमीटर अंतरावर, गुंठ्याला 50 ते 60 ग्रॅम बी वाळू किंवा बारीक शेणखतात मिसळून उथळ पेरावे. सलगमाला 30 ते 40 ग्रॅम, मुळ्याला 80 ते 100 ग्रॅम लागते. शेणखत चांगले कुजलेले द्यावे. युरिया हात राखून द्यावा आणि दिल्यापासून निदान तीन आठवडे कापणी करू नये. त्याचे कारण पुढे येईलच.

कोणता वाण आपल्या जमिनीत चांगला, हे पुस्तकातून ठरत नाही. तीन वाण प्रत्येकी एक गुंठ्यावर, एकाच दिवशी पेरावेत. कळी अवस्थेत प्रत्येकातून एक चौरस मीटर पाला कापून वजन करावे. त्याला 100 ने गुणले की गुंठ्याचा अंदाज मिळतो. मग त्यातला एक किलो बारीक चिरून वजन कमी होणे थांबेपर्यंत उन्हात वाळवावा आणि पुन्हा तोलावा. हिरव्या वजनात पहिला आलेला वाण कोरड्या वजनात दुसरा ठरतो, असे पुष्कळदा दिसते. निवड कोरड्या वजनावर करावी.

खाऊ घालताना

पाला धार काढून झाल्यावरच द्यावा. पुढच्या धारेपूर्वी निदान चार तास गव्हाणीत त्याचा तुकडाही राहू नये. मोहरीचा उग्र पदार्थ चावताना मोकळा होतो, श्वासातून आणि पोटातून रक्तात जातो आणि तेथून दुधात उतरतो. थोडा वेळ गेला की तो शरीराबाहेर पडतो, म्हणून एवढे अंतर ठेवावे. गोठ्यात पाल्याचा ढीग ठेवून शेजारी उघड्या भांड्यात दूध ठेवू नये.

सुरुवात दोन-तीन किलोने करून आठ-दहा दिवसांत वाढवावी. मोठ्या दुभत्या जनावराला दिवसाला 15 ते 20 किलोच्या पुढे आणि तीस किलोच्या शेळीला एक-दीड किलोच्या पुढे जाऊ नये. उपाशी जनावराला हा पाला कधीही पहिला घालू नये, आधी कडबा किंवा वाळलेले गवत. नाहीतर पोटफुगी होते. दव असलेला ओला पाला थोडा सुकू द्यावा.

दोन धोके नीट समजून घ्यावेत. पहिला नायट्रेटचा. युरिया नुकताच दिला असेल किंवा चार-सहा दिवस ढगाळ हवा असेल तर पाल्यात नायट्रेट साठते. जनावर धापा टाकते, थरथरते, रक्त चॉकलेटी रंगाचे दिसते. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावे, कारण यावर इंजेक्शनचा उपाय आहे आणि तो तातडीने व्हावा लागतो. दुसरा लाल लघवीचा. जुन्या, फुलावर आलेल्या पाल्यातील एका पदार्थामुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात. नुकत्याच व्यालेल्या म्हशीत फॉस्फरस कमी असेल तर हा त्रास अधिक होतो. लोक याला गोचीड ताप समजून औषध करीत बसतात. म्हणून डॉक्टरांना जनावर काय खात होते ते न विचारताच सांगावे. व्याल्यापासून पहिले दीड महिना म्हशीला हा पाला न दिलेला बरा.

या पिकांनी आयोडीनच्या कामातही अडथळा येतो. यासाठी पाला सुरू असेपर्यंत रोज 50 ग्रॅम आयोडीनयुक्त खनिज मिश्रण आणि मीठ चुकवू नये. गाभण शेळ्यांना हा पाला सतत दिल्यास करडे गळ्याला गाठ घेऊन जन्मतात. त्यांच्यासाठी लसूणघास ठेवावा.

फुलावर गेलेले, कापायचे राहून गेलेले पीक जनावरांना घालण्याऐवजी दाण्यासाठी ठेवावे किंवा जमिनीत गाडावे. पेरणीसाठी आणलेले रंगीत, औषध लावलेले बी उरल्यास ते पेंडीत किंवा आंबोणात मिसळू नये. ते मुलांच्या व जनावरांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, त्याच पिशवीत ठेवावे.