मठ्ठ्याच्या वाटीत मोती

"मामी, मानेपाशी काहीतरी सरकतंय," भाची कुजबुजली. मी मान वळवेपर्यंत पहिला मोती ताटात टण्णकन वाजला. मग दुसरा, तिसरा, आणि मग अख्खा सरच ओघळला. पंगत ऐन रंगात, नवरा-नवरी घास भरवायच्या बेतात आणि माझे मोती जिलबीच्या पाकात. त्यातला एक वरपक्षाकडच्या आजींच्या मठ्ठ्याच्या वाटीत सापडला. त्यांनी तो चमच्याने काढला, पदराला पुसला, माझ्या तळहातावर ठेवला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "घरीच केली होती का हो?"

हो, घरीच केली होती. धाकट्या नणंदेच्या मुलीचं लग्न, तिला मामीच्या हातचं काहीतरी हवं होतं आणि मला हौस. तीन पदरी माळ करायची ठरली. सहा मिलिमीटरचे गोड्या पाण्यातले मोती हैदराबादहून मागवले, बोहरी आळीत जाऊन लाल पोवळी आणि सोनेरी मुलाम्याचे बारीक मणी आणले. जेवणाच्या टेबलावर तीन संध्याकाळी मी नुसते मणी मांडत होते. दर नऊ मोत्यांनंतर एक पोवळं की सातांनंतर, यावर घरात मतदान झालं. दोरा मात्र पाच मिनिटांत ठरला: कपाटात तंगूस होता, पतंगाच्या मांजापेक्षा चिवट, ओढला तर बोट कापेल पण तुटणार नाही. मग आणखी काय पाहिजे?

तंगूस तुटलाही नाही. सुटला. त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की त्यावर गाठ धरत नाही, हळूहळू उकलत जाते. मला थोडी शंका आली होती, म्हणून मी गाठीवर चटकन चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकला आणि शेपटं अगदी गाठीलगत कापली. तो गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो. मान हलली, माळ वाकली, गोंदाला तडा गेला आणि गाठीला सरकायला मोकळं रान मिळालं. गोंद गाठीला मदत करतो, गाठीची जागा घेत नाही, हे मला पंगतीत कळलं.

दुसरी गंमत फोटो आल्यावर दिसली. तिन्ही सर मी सारखेच, सोळा इंची केले होते. टेबलावर ते एकाखाली एक सुरेख दिसत होते. गळ्यात घातल्यावर तिघेही एकाच जागेसाठी भांडत होते आणि पोवळी कुठे होती ते फक्त मलाच माहीत. खालचा सर वरच्यापेक्षा लांब हवाच. मी आता १६, साडेसतरा आणि १९ इंच असा दीड दीड इंचाचा फरक ठेवते. शिवाय मणी जाड असेल तर गळ्याला मिळणारा आतला घेर कमी होतो. सहा मिलिमीटरच्या मण्यांनी पाऊण इंच खाल्ला जातो, आठ मिलिमीटरच्यांनी जवळजवळ एक इंच. म्हणून माप टेबलावर घ्यायचं नाही. साध्या शिलाईच्या दोऱ्यात मणी कच्चे ओवायचे, टोकांना सेफ्टीपिन लावायची आणि जिच्यासाठी माळ आहे तिच्या गळ्यात अर्धा तास राहू द्यायची. तिला पाणी प्यायला लावा, वाकून चप्पल घालायला लावा. मानेमागे मोठे मणी टोचतात, केस अडकतात, हे तेव्हाच कळतं. तिथे बारीक मणी घ्यावेत.

पोवळ्यांचं दुखणं वेगळंच. संध्याकाळी शालू बदलताना ब्लाउजच्या गळ्याला गुलाबी वर्तुळं दिसली. घामाने रंग सुटला होता. खरं पोवळं महाग असतं. मला पडलेला भाव बघूनच संशय यायला हवा होता. पांढरं, स्वस्त जातीचं पोवळं लाल रंगात बुडवून सर्रास विकलं जातं. आता कुठलाही रंगीत मणी घेतला की एखाद्या जादा मण्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवते. बोळा रंगला की मणी बाद, निदान लग्नाच्या कपड्यांवर तरी. (नकली मोत्यांवर मात्र हा प्रयोग करू नका, मुलामाच निघून येतो.)

लग्नानंतर पंधरा दिवसांनी, सांडलेले मोती एका डबीत घालून मी मंगळसूत्रं गाठवणाऱ्या एका काकांकडे गेले. दुकान कसलं, जिन्याखालची पडवी. त्यांनी मोत्याच्या भोकातून उजेडाकडे बघितलं, तंगूस दोन बोटांत धरून बाजूला टाकला आणि काहीच बोलले नाहीत. मग रेशमाचा पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवला, मेणाच्या गोळीवरून एकदा ओढला आणि सुईत ओवला.

त्यांची गाठ मी अर्धा तास बघितली. मोती ओवायचा. त्याच्यामागे दोऱ्याचा सैल फास करायचा. फासातून सुई घालायची आणि त्या सुईच्या टोकाने फास ढकलत मोत्याच्या अगदी तोंडाशी न्यायचा. अंगठ्याच्या नखाने तो तिथे दाबून धरायचा, सुई काढायची आणि गाठ आवळायची. सगळा खेळ नखाचा. सुई आधी काढली तर गाठ वाटेतच बसते, मोती ढिला राहतो आणि दोरा उघडा पडून झिजतो. प्रत्येक मोत्यानंतर एक गाठ. माळ तुटली तरी एकच मोती हरवतो, शिवाय मोती एकमेकांवर घासत नाहीत. मोती फार मऊ, काचेपेक्षाही मऊ. कडक खड्याशेजारी ओवला तर त्याच्यावर ओरखडे येतात. जुने तन्मणी पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते बसऱ्याच्या मोत्यांमुळे नव्हे, दर काही वर्षांनी ते नव्याने गाठवून घेतले म्हणून.

गाठी जागा खातात, हे मात्र आधी मोजून घ्या. सोळा इंचात सहा मिलिमीटरचे मोती अडुसष्टच्या आसपास बसतात. मध्ये गाठी आल्या की साठच. कडीलाही इंचभर लागतो, तितके मोती आणखी कमी. दोरा माळेच्या दुप्पट घेतलात तरी पुरेलच असं नाही, तिपटीने घ्या. अर्ध्या वाटेवर दोरा संपला तर पुन्हा सगळं सोडायचं, जोड द्यायचा नाही.

रेशीम सगळ्याला चालत नाही. काचेच्या आणि दगडाच्या मण्यांच्या भोकाची कडा अनेकदा धारदार असते; मणी दोऱ्यावर दहा-बारा वेळा मागेपुढे करा, दोऱ्याला लव सुटली की समजा. अशा मण्यांना गिअर वायर, म्हणजे वरून नायलॉन चढवलेली पोलादी बारीक तार घ्यावी. टोकाला गाठ नाही, गिअर लॉक, म्हणजे धातूचा बारीक मणी, पक्कडीने दाबायचा. इथेही मी एकदा फसले: तार ताणून लॉक केली आणि माळ गळ्यात बांगडीसारखी ताठ उभी राहिली. दोन-तीन मिलिमीटर तार मोकळी सोडावी, म्हणजे मणी वळतात. लॉकसुद्धा चिरडेपर्यंत दाबू नये, त्याच्या कडेनेच तार कापली जाते.

मणी मांडायला महागडे साचे मिळतात. मी जुना टॉवेल चुण्या पाडून पसरते. मणी चुणीत बसतात, घरंगळत नाहीत. मधला मणी आधी, मग दोन्हीकडे सारखे. अत्तर, केसांचा फवारा सगळं आटोपल्यावर माळ घालायची, काढल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसायची आणि खुंटीवर न टांगता डबीत आडवी ठेवायची. टांगली की रेशीम ताणतं.

भाचीची माळ आता दोन पदरी आहे. कार्यालयात इतके मोती गेले की तिसरा सर होईना, आणि पोवळी मी काढूनच टाकली. डबीत त्याच रेशमाचा हातभर तुकडा आणि उरलेले सात मोती ठेवून दिलेत. त्यातला मठ्ठ्यातला कोणता, ते तिला ओळखता येतं म्हणे.