मामाच्या दुकानातलं काम लिही की!

मनू, रेझ्युमे बघितला गं तुझा. राग मानू नकोस, पण पहिल्या चार ओळी वाचल्या आणि त्यात तू कुठे दिसलीच नाहीस. ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे’ हे वाक्य त्या सायबर कॅफेवाल्याकडे तयारच असतं, तो फक्त वरचं नाव बदलतो. आमच्या अकाउंट्समध्ये जागा निघाली की असे रेझ्युमे माझ्या टेबलावर येतात आणि ते वाक्य दिसलं की नजर आपोआप खाली सरकते. खाली काय, तर वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही, छंद म्हणून वाचन आणि संगीत ऐकणे, शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही. यातलं काहीएक नको. नाव, मोबाइल, ईमेल, आत्ता बार्शीत आहेस पण पुण्यात यायची तयारी आहे, एवढं वर पुरे. आणि तो ‘स्वीटप्रिन्सेस’वाला ईमेल आता बंद कर बाई.

पण खरी गोम पुढेच आहे. अनुभवाच्या रकान्यात तू लिहिलंस ‘फ्रेशर’. अगं, बी.कॉम. करता करता मामाच्या खत-बियाण्यांच्या दुकानाचा सगळा हिशोब कोण बघत होतं? फोनवर म्हणालीस, “ते काय ताई, घरचंच काम.” घरचं दुकान असलं म्हणून खतावणी आपोआप जुळते का?

मृग लागला की त्या दुकानापुढे कशी रांग असते, मला माहितीये. एकीकडे पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा घ्यायचा, दुसरीकडे टॅलीत बिल मारायचं. खताचं अनुदान कंपनीला मिळतं ते त्या मशीनवर झालेल्या विक्रीवरच. म्हणून मशीनमधला साठा आणि गोदामातल्या पोत्यांचा आकडा जुळला नाही आणि नेमका कृषी खात्याचा माणूस तपासणीला आला, तर मामांची पंचाईत. तो साठा जुळवायचं काम तुझं होतं. बियाण्याला जीएसटी नाही, खताला 5 टक्के, कीटकनाशकाला 18 टक्के, आणि एकाच गिऱ्हाइकाच्या पिशवीत तिन्ही. त्या डिस्ट्रिब्युटरचं काय झालं होतं, आठवतंय ना? त्यानं जीएसटी पोर्टलवर बिलं वेळेत भरलीच नाहीत, त्यामुळे ती जीएसटीआर-2बीमध्ये दिसेनात आणि मामांचं कराचं क्रेडिट अडकलं. रोज फोन करकरून ती बिलं त्याच्याकडून भरून घेतलीस ती तूच. पुण्यातल्या कुठल्याही अकाउंट्स खात्यात महिन्याच्या 14 तारखेनंतर हेच चालतं. 2बी उघडायचं, आपली खरेदी शेजारी ठेवायची आणि कोणाचं बिल आलं नाही ते हुडकायचं. त्यासाठीच तर माणूस हवा असतो.

तेव्हा लिही. ‘खत-बियाणे दुकान, बार्शी. टॅलीत रोजची खरेदी-विक्री. जीएसटीआर-1 आणि 3बीची आकडेवारी तयार करून कर सल्लागारांकडे देणे. खरेदीचा 2बीशी मेळ. बँकेचा मेळ. पॉस मशीन आणि गोदामाच्या साठ्याचा मेळ. उधारीची यादी आणि वसुली.’ इंग्रजीतच द्यायचंय, पण आधी असं मराठीत लिहून काढ, म्हणजे नसती मोठमोठी विशेषणं घुसणार नाहीत. प्रत्येक ओळीला आकडा जोड: सीझनमध्ये दिवसाला बिलं किती, उधारीची खाती किती. आकडे दुकानाच्या वहीतून काढ, अंदाजे फुगवू नकोस, कारण समोरचा पहिला प्रश्न त्यावरच विचारतो. निदान मी तरी विचारते. मामांकडून लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र घेऊन ठेव. नात्याचं विचारलं तर सरळ सांग, मामा आहेत म्हणून.

बाकी रंगीबेरंगी दोन रकान्यांचा तो नमुना सोड. दिसायला छान असतो, पण नोकरीच्या पोर्टलवरच्या सॉफ्टवेअरला वाचताना त्याची खिचडी होते. एक पान, साधा फॉन्ट, पीडीएफ, आणि फाइलला तुझं नाव. ‘फायनल न्यू 2’ नको.

नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर नाव घाल, सकाळी एकदा बघ, अर्ज कर, आणि बंद कर. दिवसभर त्यात डोकं घालून बसलं की काम केल्यासारखं वाटतं, एवढंच. भोसरी-चाकणकडच्या लहान कारखान्यांत अकाउंट्सची जागा रिकामी झाली की मालक आधी आपल्या सीएला विचारतो, “कोणी आहे का हो चांगलं?” ते चांगलं कोणी म्हणून तुझं नाव त्या सीएच्या कानावर असायला हवं. मामांचे कर सल्लागार तुझं काम इतके दिवस बघताहेत, सुरुवात त्यांच्यापासून कर. मग टॅली विकणारा आणि दुरुस्त करणारा तो दादा, त्याचे पाय कितीतरी ऑफिसांना लागतात. तुझ्या कॉलेजच्या वरच्या वर्गातल्या मुली पुण्यात आहेत, त्या आहेतच. आईला हे वशिला लावल्यासारखं वाटतं, पण तू कुणाला ‘मला चिकटवा’ म्हणत नाहीयेस. ‘सर, मी पुण्यात अकाउंट्सचं काम शोधतेय. 2बीचा मेळ आणि टॅली मला येतं, ते तुम्ही पाहिलंय. ओळखीच्या एखाद्या सीए ऑफिसात माझा रेझ्युमे पाठवू शकाल का?’ एवढाच मेसेज, खाली रेझ्युमे. ‘काहीतरी बघा ना’ म्हटलं की समोरच्याला नेमकं काय बघायचं ते कळत नाही आणि तो ‘हो हो, बघतो’ म्हणून मोकळा होतो. नोकरी लागो न लागो, ज्यानं नाव सुचवलं त्याला पुढे काय झालं ते कळव. लोक हे विसरतात आणि मग दुसऱ्यांदा तोंड घेऊन जायची चोरी होते.

मुलाखतीत बऱ्याच ठिकाणी लॅपटॉप पुढे सरकवतात: दोन शीट, फरक शोधा. व्हीलुकअप आणि पिव्होट हाताखालून जाऊ दे. आणि आमच्या जुन्या हेडक्लार्कांनी शिकवलेली युक्ती ऐक: फरक 9ने पूर्ण भागला जात असेल तर कुठेतरी 54चे 45 झालेत का बघ, आणि फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडते का तेही बघ, नावेची जमेला गेली असेल. तोंडी प्रश्न घाबरण्यासारखे नसतात. ‘मालकानं माल घरी नेला, एंट्री काय?’ मामींनी परसातल्या झाडांना खताची पिशवी नेली की तू काय करायचीस? उचल खातं नावे, खरेदी जमा, आणि त्या पिशवीवर घेतलेलं क्रेडिट परत. तेच सांगायचं. फक्त तू मराठी माध्यमातली, तेव्हा तेरीज, घसारा, उचल यांची इंग्रजी नावं जिभेवर बसव. विषय येत असून शब्दापाशी अडखळलीस तर समोरच्याला वाटतं, हिला विषयच येत नाही.

‘लग्नाचं काय ठरलंय?’ हा प्रश्न येईल. येऊ नये, पण येतो. चिडू नकोस आणि घरचा पाढाही वाचू नकोस. “सध्या काम शिकायचंय, कामाच्या वेळेची मला अडचण नाही,” म्हणून पुढच्या प्रश्नाकडे बघायचं. तरी कुणी तेच तेच उकरत बसला, तर ती जागा कशी आहे ते तुला तिथेच कळलं.

नोकरीच्या आधी पैसे मागणारा, मग तो रजिस्ट्रेशनचे म्हणो की लॅपटॉपच्या डिपॉझिटचे, तो चोर. मार्कशीटची मूळ प्रत कुणाकडेही ठेवायची नाही, दाखवायची आणि परत पिशवीत.

पगाराचं मात्र नीट ऐक, तू ‘तीन लाखाचं पॅकेज’ म्हणून हुरळशील. 3 लाख म्हणजे महिना 25,000, पण ते हातात येत नाहीत. समज मूळ पगार 15,000 धरला. त्यावर 12 टक्के पीएफचा कंपनीचा वाटा 1,800, तो या 25,000मधूनच जातो. ग्रॅच्युइटीची तरतूद 700च्या वर, तीही त्यातूनच. मग तुझ्या वाट्याचे 1,800 कापले जातात. उरले 20,700च्या आसपास. बरं, आपल्या राज्यात बायकांना महिना 25,000पर्यंत व्यवसाय कर नाही, नाहीतर आणखी 200 गेले असते. त्यातून खोलीचं भाडं, डबा, पीएमपीचा पास. म्हणून ‘अपेक्षा किती?’ विचारलं की आधी विचार, “हातात किती येतील?” आणि आकडा सांगितलास की गप्प बस. ‘पण कमी असलं तरी चालेल’ हे शेपूट आपल्या घरातल्या सगळ्या मुली जोडतात.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, सगळी पानं. बॉण्ड आहे का, नोटीस किती दिवसांची, मधेच सोडलं तर पैसे भरायला लावतात का, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, आणि तू ते वाचणार नाहीस हे मला आत्ताच माहितीये.