आकड्यापेक्षा पोटऱ्या बघ

अगं, काकांचा तो डी-डायमरचा रिपोर्ट आधी बाजूला ठेव बघू. रात्री दोन वाजता मोबाईलवर मोठा करून पाहिल्यानं आकडा उतरत नाही.

खरं सांगू का, डेंग्यूमुळे आपल्याला ‘प्लेटलेट्स किती उतरल्या?’ एवढंच विचारायची सवय लागलीये. तिथे धास्ती रक्तस्रावाची. गंभीर कोविडमध्ये बहुतेकदा उलटं होतं. सूज रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचते आणि रक्त नको तिथे गोठतं, फुफ्फुसांत, पायांत. त्यात काका कोविडनं इतके दिवस ऑक्सिजनवर पडून होते. गुठळी विरघळताना तिचे जे बारीक अंश रक्तात येतात, त्यातलाच हा डी-डायमर. पण तो नुसत्या संसर्गानं वाढतो, वयानंही वाढतो. शिवाय एका लॅबचे ५०० आणि दुसरीचे ०.५ हे एकच असू शकतं, एकक तेवढं वेगळं. काल ‘हजारपट वाढलं’ म्हणून रडलीस ना, ते हेच होतं बाई!

रक्त गोठू नये म्हणून पोटावर हेपरिन टोचलं की निळा डाग पडतो, घाबरू नकोस. चोळायचं मात्र नाही. (सुई दिसली की भिंतीवरचं कॅलेंडर वाचणारी मी, तुला शिकवतेय!) आणि ‘आयसीयूत जास्त डोस का नाही दिला’ हे मनातून काढ. २०२१ मधल्या मोठ्या चाचण्यांत हेपरिनच्या पूर्ण डोसचा फायदा वॉर्डातल्या रुग्णांना दिसला. आयसीयूतल्यांना तो झाला नाही, रक्तस्रावाचा धोका तेवढा वाढला.

आकडा राहू दे, तू रोज काकांच्या दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघ. एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, दुखतोय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. मालिश अजिबात नको, आत्या कितीही तेल घेऊन बसल्या तरी. अचानक धाप, छातीत कळ, तोंड वाकडं, बोबडी वळणं, यातलं काहीही दिसलं तर फोनाफोनी करत बसू नकोस, १०८ लाव. शौचाला काळं झालं किंवा नाकातलं रक्त थांबेना, तर तेही डॉक्टरांना लगेच कळव.

बाकी पावलं वर-खाली हलवायला लाव, घरातल्या घरात चालव. इंजेक्शन कधी बंद करायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे. आणि काकांच्या खणात गुडघेदुखीसाठी ब्रुफेन असतं, मला ठाऊक आहे. या इंजेक्शनसोबत ते नको, आजच उचल, रागावले तर माझं नाव सांग.