वॉक-इनच्या रांगेतून परतल्यावर

बार्शीची एक मुलगी, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालेली, पुण्यात कॉट बेसिसवर राहून नोकरी शोधत होती. खराडीतल्या एका वॉक-इनला गेली आणि संध्याकाळी तिथून थेट माझ्याकडे आली. जाहिरातीत ‘ज्युनिअर डेव्हलपर’ असं छापलेलं. वेळ सकाळी दहाची, आत बोलावलं चारनंतर. समोरच्या माणसाने तिचा बायोडेटा तिच्या देखतच पहिल्यांदा उघडला. कोडिंगचा एकही प्रश्न नाही. लग्नाचं काय, रात्रपाळी घरच्यांना चालेल का, याची मात्र कसून चौकशी. शेवटी कळलं, की जागा कस्टमर सपोर्टची आहे. डेव्हलपर व्हायचं तर आधी तीन महिन्यांचं ट्रेनिंग, त्याची फी चाळीस हजार, आणि मूळ गुणपत्रिका ऑफिसात जमा करायच्या.

बाहेर पडताच आईचा फोन आला, ‘काय गं, झालं का?’ तिने सांगितलं, ‘नाही. मला नीट बोलता आलं नाही.’

मला राग आला तो या उत्तराचा. तिला जे येतं त्यातलं कुणी काही विचारलंच नव्हतं, तरी दोष तिने स्वतःच्या पदरात घेतला. घरी लगेच स्पोकन इंग्लिशच्या क्लासची चौकशी सुरू झाली असणार.

मुलाखत फसली की आधी पाहायचं, फसलं कोण? पैसे मागितले तर पुढचा विचारच नको. फी, अनामत, लॅपटॉपचं डिपॉझिट, नाव काहीही द्या. चांगली कंपनी नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. मूळ कागदपत्रं पडताळणीला दाखवायची आणि तिथल्या तिथे परत घ्यायची. भरतीत स्त्री म्हणून डावलायला १९७६च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती, २०१९च्या वेतन संहितेतही ती आहे. म्हणून लग्नाच्या प्रश्नावर ‘कामाच्या वेळा मला जमतील’ एवढंच शांतपणे सांगावं. तरीही तेच उकरून काढलं, तर तिथे पुढची वर्षं कशी जातील याचा अंदाज येतो.

ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन, अशा बॉण्डबद्दल पालकांत दोन टोकं दिसतात. काही जण नाव ऐकूनच घाबरतात, काही म्हणतात, ‘करा सही, कोण कोर्टात जातंय!’ करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच असावी लागते हे खरं. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध धरली, हेही खरं. तेव्हा रक्कम, मुदत आणि कंपनी खरोखर काय शिकवणार, हे वाचल्याशिवाय सही नको. सीटीसीचं, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या वार्षिक पॅकेजचंही तसंच. तीन लाख म्हणजे महिना पंचवीस हजार, हा हिशेब घरी चहासोबत होतो. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी विम्याचा हप्ताही धरलेला असतो. इन हँड किती, हे विचारण्यात उर्मटपणा नाही.

अर्थात प्रत्येक नकार कंपनीच्या माथी मारून चालणार नाही. वेगवेगळ्या ठिकाणी गाडी एकाच जागी अडत असेल, समजा स्वतःच्याच प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं बोलता येत नसेल, तर तो प्रोजेक्ट दुसऱ्याकडून करून घेतलेला आहे हे समोरच्याला कळतं. त्यावर उपाय घरी बसूनच करायचा. अनुभव नाही म्हणून दार बंद होत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘नॅट्स’ पोर्टलवरची अॅप्रेंटिसशिप पाहावी. पदवी-पदविकाधारकांना तिथे स्टायपेंडसह काम मिळतं.

पालकांनो, संध्याकाळच्या फोनवर ‘झालं का?’ नको. कुठल्या पदासाठी बोलावलं, काय विचारलं, कागद कुठले मागितले, हे विचारा. मामेभावाचं पॅकेज त्या दिवशी तरी काढू नका. ‘कळवतो’ म्हणाले असतील तर मुलांनी आठवड्याने एक छोटा मेल टाकावा. उत्तर आलं नाही तर दुसरा मेल करू नये आणि त्या निरोपासाठी पुढचे अर्जही अडवून ठेवू नयेत.